पेडणेकर विमान चालू करतात

लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, गेल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी एक विमान उभं राहायचं. डावीउजवीकडे इस्त्रीची दोन टेबलं म्हणजे पंख, मध्ये प्लास्टिकची खुर्ची म्हणजे कॉकपिट, आणि पुढे स्टुलावर ठेवलेला टेबलफॅन म्हणजे प्रोपेलर. गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे जायचं तर डाव्या पंखाखालून वाकून जावं लागे. घाईतल्या माणसाला विमानविद्येचं कौतुक नसतं, हे जयवंतराव पेडणेकरांना पहिल्याच संध्याकाळी कळलं.

जयवंतराव एका विमा कंपनीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. निरोप समारंभाच्या आधी ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, "सर, काय देऊ?" चांगला माणूस अशा वेळी "कशाला, कशाला" म्हणतो आणि मिळेल ते घड्याळ घेऊन घरी येतो. जयवंतरावांच्या तोंडून मात्र खरं ते निसटलं. "मला एकदा विमान चालू करायचंय," ते म्हणाले. चड्डीत होते तेव्हापासून ही एकच इच्छा त्यांच्या पोटात होती आणि ती त्यांनी सीमावहिनींनाही कधी सांगितली नव्हती. पोरं खरंच गुणी निघाली. त्यांनी घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबचं कूपन हातात ठेवलं. छोटं शिकाऊ विमान, शेजारी कॅप्टन. उडण्याआधीची तपासणी आणि इंजिन चालू करणं जयवंतरावांनी करायचं, मग अर्धा तास आकाशात. ठरल्या तारखेला एकदाच.

आता ही बातमी माणसाने पोटात ठेवावी की नाही? जयवंतरावांनी ती सकाळी दूधवाल्याला सांगितली आणि दुपारपर्यंत ती मसाला गल्लीत पोहोचली. संध्याकाळी शामराव घाडी दारात उभे. शामराव म्हणजे चाळीचे वडीलधारे. गणपतीला आणि होळीला देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि उरलेलं वर्षभर शेजाऱ्यांना सल्ला देण्याचाही.

"पेडणेकर, स्कूटर तरी चालवलीत काय कधी?"

"नाही."

"सायकल?"

"भाड्याची. लहानपणी."

"मगे?" एवढंच बोलून शामराव गेले. ते 'मगे' जयवंतरावांना जिव्हारी लागलं. त्या रात्री त्यांनी सीमावहिनींना सांगितलं की आपण तिथे पाहुण्यासारखे जाऊन बसणार नाही. सगळी तपासणी पाठ करून जाणार, कॅप्टनने तोंडात बोट घातलं पाहिजे. सीमावहिनी म्हणाल्या, "आधी भाजी निवडून द्या."

या कामी जयवंतरावांचा उजवा हात झाला समोरच्या खोलीतला धम्मपाल. परळच्या एका ज्युनियर कॉलेजात तो फिजिक्स शिकवतो आणि कुठल्याही गोष्टीचं कारण सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याने इंटरनेटवरून तपासणीचा सगळा क्रम काढला, मोठ्या अक्षरात छापला, लॅमिनेट करून घेतला आणि सुतळीने जयवंतरावांच्या गळ्यात अडकवला.

"हे बघा, मी एकेक आयटम वाचणार. तुम्ही तिथे जायचं, हात लावायचा, बघायचं आणि म्हणायचं, चेक्ड. घाई नाय करायची. कळलं?"

"आणि हे काय, स्टॅटिक पोर्ट?"

"ते विमानाच्या बाजूला एक बारीक भोक असतं. बाहेरची हवा त्यातून आत जाते, त्यावरून विमानाला समजतं की आपण किती उंचावर आहोत. ते बुजलं ना, तर वर गेलात तरी मीटर बोलणार, जमिनीवर आहात. एकदम डेंजर."

इस्त्रीच्या टेबलाला भोक कुठून आणायचं? सीमावहिनींनी आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढून डाव्या टेबलाच्या कडेला, खुर्चीशेजारी, चिकटवून दिली. टाकीतून काढून बघायच्या पेट्रोलचा रंग निळा असतो म्हणून बाटलीत कपड्यांच्या निळीचं पाणी भरलं. तेलाची पातळी बघायची पट्टी म्हणून लोणच्याच्या बरणीतला लांब चमचा. अशा रीतीने विमान सज्ज झालं आणि तालीम सुरू झाली.

पण धम्मपालचा आवाज वर्गातला, चार भिंतींपुरता. गॅलरीत जमलेल्या लोकांना काही ऐकू येईना. चौथ्या दिवशी शामरावांना ते सहन होईना. त्यांनी कागद आपल्याकडे घेतला, घसा साफ केला आणि ज्या आवाजात ते देवाला हाक मारतात त्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो जयवंत इमानाच्या पंख्याक हात लावता हा, तेच्यात खय भेग, खय चीर नसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरी गरजली.

"टाकयेतल्या तेलात पाण्याचो थेंब नसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जयवंतराव या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते, फॅनच्या पात्यांवरून बोट फिरवत होते, निळीचं पाणी ट्यूबलाइटसमोर धरत होते. त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. धम्मपाल आधी हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "सिस्टिम करेक्ट आहे," तो म्हणाला. "पायलट लोक पण असंच करतात. एकाने पुकारायचं, दुसऱ्याने जबाब द्यायचा." झालं. शास्त्राचा पाठिंबा मिळाल्यावर शामरावांना कोण अडवणार? खालच्या मजल्यांवरचे लोकही जबाब द्यायला वर येऊ लागले. जयवंतरावांना मात्र एक वाईट सवय लागली. मागून 'व्हय म्हाराजा' ऐकू आल्याशिवाय त्यांचा हात पुढच्या वस्तूकडे जाईना.

दरम्यान क्लबकडून पत्र आलं. वजनाचा दाखला हवा आणि डॉक्टरांचा दाखला हवा. वजनाचा दाखला साधा काटा देत नाही, हा शोध जयवंतरावांना औषधाच्या दुकानात लागला. मग शामरावांच्या ओळखीने ते मसाला गल्लीतल्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि बेडगीच्या दोन गोण्या उतरवून स्वतः काट्यावर उभे राहिले. शिंका इतक्या आल्या की काटा स्थिर होईना. शेवटी श्वास कोंडून उभे राहिले. मुनीमजींनी सवयीप्रमाणे पावती फाडली: 'पेडणेकर, एक नग. बारदान वजा जाता ब्याऐंशी किलो.' फोनवर क्लबच्या बाईंनी विचारलं, बारदान म्हणजे काय? जयवंतराव म्हणाले, "शर्टपँट."

डॉक्टरांची तऱ्हा वेगळीच. गल्लीच्या तोंडावरचे हे डॉक्टर तीन पिढ्यांना रजेसाठी दाखले देत आले होते. माणूस ठणठणीत आहे असं त्यांनी हयातीत कुणाला लिहून दिलं नव्हतं. पहिल्या दाखल्यात हात सवयीने चालला आणि त्यांनी लिहिलं, 'यांना विमान चालवण्यासाठी तीन दिवस पूर्ण विश्रांतीची गरज आहे.' दुसरा लिहिताना त्यांना घाम फुटला. "फिट लिहू ना नक्की? उद्या माझ्यावर येऊ नये," असं त्यांनी जयवंतरावांनाच विचारलं.

तारीख उजाडली. जयवंतरावांचा बेत असा होता की आपण आणि सीमा, दोघंच शांतपणे जाऊ. पहाटे खाली उतरून बघतात तो मिनीबस उभी, आणि बसमध्ये सगळी चाळ. पहिल्या सीटवर शामराव, त्यांच्या मागे राधाबाई. राधाबाई म्हणजे तळमजल्यावरच्या आजी, काठी टेकत रोज तालमीला तिसऱ्या मजल्यावर येणाऱ्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर अधू, आणि कुणाचंही नवं काही चालू व्हायचं असेल तर पहिला कुंकवाचा हात त्यांचा. चाळीतल्या प्रत्येक फ्रीजला, प्रत्येक गॅसला आणि धम्मपालच्या पहिल्या कॉम्प्युटरलासुद्धा त्यांनी कुंकू लावलं होतं. धम्मपाल अशा गोष्टी मानत नाही, पण तोही आजींना नाही म्हणू शकला नव्हता.

"जयवंता, रे, जीव कसो हा तुझो?" राधाबाईंनी विचारलं.

"उडतोय, आजी," जयवंतराव म्हणाले आणि ते अगदी खरं होतं.

क्लबच्या फाटकावरच्या सिक्युरिटीने शामरावांचा नारळ काढून घेतला. नारळ फेकता येतो, असं त्याचं म्हणणं. "फेकूक येता तर तुमची टोपी पण येता," शामराव म्हणाले. त्यावरून बराच वेळ गेला. अगरबत्ती गेली, काडेपेटी गेली. राधाबाईंच्या कमरेचा छोटा करंडा मात्र त्याने उघडून पाहिला आणि परत दिला. करंड्यातून विमानाला काय धोका असणार?

आणि समोर ते उभं होतं. पांढरंशुभ्र, पोटावर निळा पट्टा, टेम्पोपेक्षा थोडंसंच मोठं. जयवंतरावांना वाटलं होतं त्यापेक्षा ते कितीतरी लहान होतं आणि म्हणून कितीतरी अधिक आपलं वाटलं. कॅप्टन रुचा पुढे आली. तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर.

"काका, वेळ कमी आहे. दहाला कुणा पाहुण्यांचं हेलिकॉप्टर येतंय, त्याआधी धावपट्टी मोकळी करायला सांगितलीय. पाच मिनिटं सगळे फोटो काढा, मग बाकीचे कुंपणाबाहेर. ओके?"

फोटो निघाले. पंखाखाली, शेपटीजवळ, प्रोपेलरला हात न लावता. शामराव विमानाकडे पाठ करून असे उभे राहिले की जणू विमान त्यांनीच आणलं आहे. मग सगळे कुंपणामागे गेले आणि जयवंतरावांनी गळ्यातला कागद सरळ केला.

काय सांगावं! माणूस नुसता पेटला होता. आत वाकून स्टिअरिंगचं कुलूप काढलं, बॅटरी लावून पेट्रोलचे काटे बघितले, बंद केली. शेपटीची फळी हलवून पाहिली. पंखावरचा एकेक स्क्रू बोटाने मोजल्यासारखा चाचपला. टाकीखालून नळीत पेट्रोल काढलं, उजेडात धरलं. निळं, स्वच्छ, तळाला पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक वेळी ते क्षणभर थांबायचे, कुंपणामागून "व्हय म्हाराजा!" यायचं, आणि मग पुढे सरकायचे. रुचाने दोनदा वळून कुंपणाकडे पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "काका, माझे स्टुडंट्स सहा महिन्यांनी एवढं नीट करतात," ती म्हणाली. जयवंतरावांना शामरावांचं 'मगे' आठवलं आणि त्यांनी मुद्दाम कुंपणाकडे बघितलं. तेवढ्यात रुचाचा फोन वाजला आणि ती चार पावलं बाजूला झाली.

शेवटचा आयटम. स्टॅटिक पोर्ट. डाव्या दाराच्या पुढे, बोटभर चकतीत सुईएवढं भोक.

भोक नव्हतं. त्या जागी लालभडक कुंकू होतं. नुसतं नाही. राधाबाई जुन्या वळणाच्या, आधी मेण आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही. फोटोंच्या गडबडीत त्यांनी आपलं काम उरकलं होतं. नजर अधू असली तरी जागा त्यांनी बरोबर शोधली होती, कारण महिनाभर त्या रोज बघत होत्या की विमानाला टिकली कुठे लावतात.

जयवंतरावांनी मागे पाहिलं. रुचा पाठ करून फोनवर बोलत होती. कुंपणापाशी राधाबाई काठी टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघून हसत होत्या. नखाने खरवडून टाकलं तर? पण मेण आत गेलं असेल तर? वर गेल्यावर मीटर जमीन दाखवणार, शेजारी ही पोरगी. आणि सांगितलं तर वेळ जाणार, उड्डाण जाणार, आणि सगळ्या चाळीसमोर त्या म्हातारीचं तोंड एवढंसं होणार. जन्मात एकदा आलेली गोष्ट. जयवंतरावांना अक्षरशः रडू यायच्या बेतात होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "भोक बुजलंय. कुंकू आहे. आत मेण गेलं असेल. मीच लावलं."

रुचा आली. वाकून पाहिलं. मग तिने जयवंतरावांच्या स्वच्छ बोटांकडे पाहिलं आणि कुंपणाजवळच्या राधाबाईंच्या लाल अंगठ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लावलं?"

"मीच. टिकलीची जागा मीच दाखवली होती," जयवंतराव म्हणाले. आणि यात खोटं असं काही नव्हतं.

इंजिनीअरला बोलावणं गेलं. तो आला, मेण काढलं, नळी लावून मीटर तपासलं, वहीत सही केली. तो बिचारा भरभर करत होता, पण घड्याळ त्याच्याहून भरभर करत होतं. शेवटी रुचाने नकारार्थी मान हलवली.

"काका, वर जायला आता वेळ नाही. मला परवानगीच मिळणार नाही. पण इंजिन चालू करू. धावपट्टीच्या त्या टोकापर्यंत जाऊ आणि परत येऊ. चालेल?"

जयवंतरावांनी मान डोलावली.

पण आत बसल्यावर, पट्टा आवळल्यावर, समोरची ती सगळी घड्याळं बघितल्यावर दुःख कुठल्या कुठे गेलं. माणूस किती वेळ दुःखी राहणार, हातात विमानाची किल्ली असताना? ब्रेक दाबले. लाल मूठ पूर्ण आत, म्हणजे पेट्रोल भरपूर. काळी मूठ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, किंचित पुढे. बॅटरी चालू, आणि कुठेतरी काहीतरी गुणगुणायला लागलं. जयवंतरावांनी खिडकी उघडली, बाहेर डोकं काढलं आणि प्रोपेलरजवळ कुणी असेल त्याने हटावं म्हणून जन्मात ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ओरडले,

"क्लिअर प्रॉप!"

"व्हय म्हाराजा!" कुंपण दुमदुमलं.

"हे नेमकं काय आहे?" रुचाने विचारलं.

"जबाब, मॅडम. आमच्यात मोठ्याने देतात." आणि त्यांनी किल्ली फिरवली.

प्रोपेलर अर्धा वळला, अडखळला. पुन्हा वळला, खोकल्यासारखा आवाज आला, सगळं विमान थरथरलं, आणि मग एकदम धडधडून इंजिन चालू झालं! पाती दिसेनाशी झाली, समोर नुसतं चमकणारं वर्तुळ. पायाखालची फळी, पाठीमागची सीट, दातसुद्धा त्या आवाजात वाजत होते. तेलाच्या दाबाचा काटा उचलला आणि हिरव्यात जाऊन स्थिरावला. "ऑइल प्रेशर!" जयवंतराव ओरडले. "चेक्ड!" रुचाही ओरडली. त्यांना हसू आवरेना. साठ वर्षांचा हेडक्लार्क, आणि एवढं मोठं जनावर त्याच्या बोटांनी जागं झालं होतं. "मी केलं," ते म्हणत होते, "मी चालू केलं," आणि त्या गदारोळात ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

विमान हलत डुलत निघालं. धावपट्टीच्या टोकाला निलगिरीची झाडं होती, त्यांच्या आडून वळलं आणि परत आलं. कुंपणापासून काही ते टोक दिसत नव्हतं. इंजिन बंद करून जयवंतराव पायाखाली अंदाज घेत उतरले, तो काय! टाळ्या, शिट्ट्या, गळ्यात झेंडूचा हार. शामरावांनी त्यांना मिठी मारली. "पेडणेकर, मानला तुमका. आमच्या डोळ्यांदेखत उडवलात."

राधाबाईंनी हात धरला. "रे, वरसून काय काय दिसला? खाली बघूक भ्या नाय वाटला?"

धम्मपालच्या फोनवर विमानांचा नकाशा उघडा होता, उंचीच्या आकड्यासकट. त्याने आकडा बघितला, जयवंतरावांकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

जयवंतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

"आजी, काय सांगू," कॅप्टन रुचा मध्येच म्हणाली, "काकांचं लँडिंग इतकं अलगद झालं, मला चाकं टेकलेली कळलीसुद्धा नाहीत."

"माझ्या कुंकवाचो गुण!" राधाबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर बसमध्ये शामराव झोपले, राधाबाई झोपल्या, हळूहळू सगळेच झोपले. जयवंतराव गळ्यातला हार मांडीवर घेऊन बसले होते. आता सीमाला काय सांगावं, या विचाराने त्यांना कसंसंच होत होतं. शेवटी तेच म्हणाले, "सीमा, एक सांगायचंय. मी काही वर—"

"माहीत आहे," सीमावहिनी हळूच म्हणाल्या. "मी बसच्या पायरीवर उभी होते. झाडांमधून चाकं दिसत होती. एकदासुद्धा सुटली नाहीत जमिनीवरून."

खिडकीतून घाट उतरत होता.

"मग टाळ्या का वाजवत होतीस? सगळ्यांत जोरात तूच."

"अहो, इंजिन तुम्हीच चालू केलंत ना?"